लेकीसाठी न आलेले रडू पठाणासाठी का आले?

सोलापूरच्या एका वाचकांचे पत्र या वेळी घेतले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ओळख पटेल असे काही तपशील मी गाळले आहेत. पत्राचा मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत असा आहे :

“माझे वय ६३. चादरी-टॉवेलच्या एका दुकानात उभा जन्म गेला, आता घरीच असतो. आमची एकुलती एक मुलगी पुण्यात नोकरीला होती. सोळा महिन्यांपूर्वी, वयाच्या २६व्या वर्षी, आठ दिवसांच्या तापाने ती गेली. तिच्यासाठी स्थळे पाहणे सुरू होते. ते आठ दिवस पत्नी तिच्या उशाशी होती आणि मी औषधे, बिले, सह्या यांच्यामागे धावत होतो. पुढे पुण्याहून सोलापूरपर्यंत रुग्णवाहिका आणणे, दाखले काढणे, सगळे मीच केले. तेव्हा डोळ्यांतून पाणी आले नाही. दिवस झाले, वर्षश्राद्ध झाले, तरी आले नाही. नातेवाईक म्हणाले, मन घट्ट आहे. मला मात्र माझीच लाज वाटत होती.

मी फार वाचणारा माणूस नव्हे. चार महिन्यांपूर्वी वाचनालयात टागोरांच्या कथांचे एक जुने भाषांतर दिसले. बलराज साहनींचा ‘काबुलीवाला’ तरुणपणी पाहिला होता, म्हणून ते घरी आणले. त्यातला पठाण रहमत आपल्या मुलीच्या हाताचा ठसा दाखवतो, त्या जागी मला इतके रडू आले की पुस्तक मिटावे लागले. तेव्हापासून रोज दुपारी ती कथा वाचतो आणि तिथेच थांबतो. त्यापुढची पाने वाचवत नाहीत. पत्नी म्हणते, ‘पोटच्या पोरीसाठी टिपूस काढले नाही आणि त्या खोट्या पठाणासाठी रडता!’ ती स्वतः मुलीचे नावही घेत नाही.

आमच्या शेजारी एक पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातले, कुटुंब राहते. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर आहेत. त्यांची तिसरीतली मुलगी संध्याकाळी गणिते घेऊन माझ्याकडे येते. ती आली की वेळ बरा जातो. परवा मी चुकून तिला माझ्या मुलीच्या नावाने हाक मारली. पत्नीने ते ऐकले आणि ती आत निघून गेली. परक्याच्या पोरीला मी माझ्या मुलीच्या जागी बसवतो आहे का? आणखी एक गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नाही. मुलीचा फोन माझ्या कपाटात आहे. तो मी चार्ज करून ठेवतो आणि तिच्या नंबरचा रिचार्ज दर २८ दिवसांनी भरतो. यंदा सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेलाही गेलो नाही. पुढच्या महिन्यात पुतणीचे लग्न आहे, तिथे जावे की नाही तेही समजत नाही. मला वेड लागते आहे का?”

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचे पत्र तुम्हाला निवांतपणे वाचता येईल. तुम्हाला वेड लागलेले नाही. वेड लागत चाललेला माणूस आपल्या वागण्याचा इतका नेटका हिशेब सहसा मांडत नाही. तुमच्या पत्रात दुःख आहे, संकोच आहे आणि बराच एकटेपणा आहे. त्यांतला एकटेपणा कमी करता येण्याजोगा आहे, म्हणून मी मुख्यतः त्याविषयी लिहिणार आहे.

तुम्ही पठाणासाठी रडलात ते खरे तर मुलीसाठीच होते, असे तुम्हाला कोणीही सांगेल, आणि ते चूकही नाही. पण तेवढ्याने तुमच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. प्रश्न असा आहे की नेमके त्याच जागी का? ‘काबुलीवाला’मध्ये कुणीही मरत नाही. मरणाचे प्रसंग असलेल्या कितीतरी कथा त्या पुस्तकात असतील, त्या वाचून तुम्हाला रडू आल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. तुम्हाला रडू आले ते एका माणसाने दुसऱ्या माणसाला काहीतरी दाखवले म्हणून.

तो प्रसंग एकदा सावकाश पाहा. काबूलहून येऊन कलकत्त्यात सुकामेवा विकणारा रहमत आणि पाच वर्षांची बडबडी मिनी यांची गट्टी जमते. ती त्याला पहिल्यांदा पाहते तेव्हा त्याच्या झोळीत पळवलेली मुले असतील अशा भीतीने आत पळते, आणि पुढे त्याच झोळीतले बदाम-मनुके तिच्या ओंजळीत पडत राहतात. मग एका शालीच्या उधारीवरून भांडण होते, रहमत सुरा चालवतो आणि काही वर्षांसाठी तुरुंगात जातो. सुटून येतो तो नेमका मिनीच्या लग्नाच्या दिवशी, कोणाकडून तरी मागून आणलेली द्राक्षे आणि मनुके घेऊन. मिनीचे वडील पैसे पुढे करतात, तेव्हा तो सांगतो की माझीही एक मुलगी आहे, तिचा चेहरा आठवून मी तुमच्या मुलीसाठी मेवा आणतो, मी येथे सौदा करायला येत नाही. आणि मग आपल्या ढगळ अंगरख्यात हात घालून, छातीजवळून, तो एक मळका कागद काढतो आणि टेबलावर उलगडून ठेवतो. त्यावर फोटो नसतो की चित्र नसते. मुलीच्या पंजाला काजळी फासून उमटवलेला ठसा असतो, बस्स. पूर्वी तो या घरात जवळजवळ रोज येत होता, इतक्या गप्पा झाल्या होत्या, पण कथेत त्या कागदाचा उल्लेखही तोवर आलेला नसतो.

आता तुमच्या कपाटातल्या फोनकडे पाहा.

रहमतने मुलगी गमावली होती म्हणून तुम्ही रडला नाहीत. त्याची मुलगी तर त्याच्या देशात होती. इतकी वर्षे जे त्याने अंगाशी लपवून बाळगले ते दाखवायला त्याला माणूस मिळाला, म्हणून तुम्ही रडलात, असे मला वाटते. तुम्ही दर २८ दिवसांनी जो रिचार्ज भरता तो तुमचा कागद आहे, आणि तो अजून कुणीही पाहिलेला नाही. पत्र लिहून तुम्ही तो मला दाखवलात, हा तुमचा विश्वास मी मोठा मानते. पण तो पाहण्याचा पहिला हक्क माझा नव्हे.

पत्नी पठाणाला ‘खोटा’ म्हणतात, त्याविषयी थोडे. ही कथा १८९२ सालची. रवींद्रनाथांची थोरली मुलगी माधुरीलता, घरातले नाव बेला, १८८६ साली जन्मली. म्हणजे कथा लिहिली गेली तेव्हा ती साधारण मिनीच्याच वयाची होती, आणि मिनीत बेलाची छाया आहे हे खुद्द रवींद्रनाथांनी सांगितलेले आहे. पुढे १९०२ मध्ये त्यांची पत्नी गेली, १९०३ मध्ये रेणुका ही दुसरी मुलगी, १९०७ मध्ये धाकटा मुलगा शमींद्र, आणि १९१८ मध्ये बेलाही क्षयाने गेली. मुलीच्या बापाचे मन ज्याने इतके अचूक लिहिले त्याला आपल्यापुढे काय वाढून ठेवले आहे ते लिहिताना ठाऊक नव्हते. पठाण कल्पित असेल, पण त्या घरातली मुलगी पूर्णपणे कल्पित नव्हती. हे पत्नीला वादात जिंकण्यासाठी सांगू नका. कधी सहज विषय निघाला तर सांगा.

रडू वर्षभर का अडले, हा प्रश्नही तुमच्या पत्रात दडलेला आहे. तुम्हीच त्याचे उत्तर पत्राच्या पहिल्या परिच्छेदात दिले आहे. ज्याच्या हातात बिले, सह्या आणि रुग्णवाहिकेचा नंबर असतो त्याला रडण्याची सवड नसते, आणि सगळे उरकल्यावर भेटायला आलेल्यांनी ‘मन घट्ट आहे’ असे प्रमाणपत्र देऊन टाकल्यावर ते खोटे ठरवणेही अवघड होऊन बसते. आपल्याकडे सुतकाच्या दिवसांत बाईच्या गळ्यात पडून रडायला माणसे येतात, पुरुषाशी मात्र बाहेर सतरंजीवर बसून खर्चाच्या आणि दवाखान्याच्या गोष्टी करतात. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, पण त्याचा परिणाम तुमच्यासारख्यांवर होतो.

दुःखाच्या पाच पायऱ्यांविषयी तुम्ही कुठेतरी ऐकले असेल. नाकारणे, राग, सौदा, खिन्नता आणि मग स्वीकार, अशी ती मांडणी एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली केली, ती मरणासन्न रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ती नंतर चिकटवली गेली. तुम्ही कोणत्या पायरीवर आहात हे शोधत बसू नका. मला त्यापेक्षा मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोन संशोधकांनी १९९९ साली मांडलेला विचार अधिक उपयोगी वाटतो. त्यांचे म्हणणे असे की शोकातला माणूस दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालत असतो. कधी तो गेलेल्या माणसाच्या आठवणीत बुडतो, कधी राहिलेल्या जगण्याच्या कामाला लागतो, आणि या येरझाऱ्या हेच निरोगीपणाचे लक्षण आहे. एकाच टोकाला कायमचे बसून राहणे मात्र त्रासाचे. वर्षभर तुम्ही कामाच्या टोकाला होतात. आता दुपारी कथा आणि संध्याकाळी गणिते, अशी तुमची ये-जा सुरू झाली आहे. दुपारची कथा बंद करा असे मी म्हणणार नाही. पुस्तक मिटल्यावर तुम्ही उठून चहा टाकता की भिंतीकडे बघत अंधार पडेपर्यंत बसता, एवढे पाहत जा.

पत्नीविषयी मात्र मला थोडे परखड लिहावेसे वाटते. कथेत मिनीची आई आहे. ती त्या पठाणाला बिचकते, तो मुलीला पळवून नेईल अशी तिला धास्ती असते, ती नवऱ्याला टोकत राहते. तुम्ही रोज ती कथा वाचता आणि नकळत, मला शंका आहे, तुम्ही रहमतच्या जागी बसला आहात आणि पत्नीला मिनीच्या आईच्या जागी बसवले आहे : जिला काही कळत नाही, जी आड येते ती. पण तुमच्या घरात रहमत एक नाही, दोन आहेत. ज्या बाईने आठ दिवस लेकीच्या उशाशी काढले तिने नंतर तिचे नावही घेऊ नये, याचा अर्थ तिचे दुःख कमी आहे असा होत नाही. ‘टिपूस काढले नाही’ हे तिचे वाक्य तुम्हाला टोमण्यासारखे लागले. मला त्यात एक तक्रार ऐकू येते. रडलात ते माझ्याजवळ का नाही, पुस्तकाजवळ का, अशी ती तक्रार असू शकेल. मी तुमच्या घरात नाही, माझा अंदाज चुकू शकतो. तुम्ही विचारून पाहू शकता.

अंतोन चेखव यांची १८८६ सालची एक छोटी कथा आहे. त्यात इओना नावाच्या म्हाताऱ्या गाडीवानाचा मुलगा त्याच आठवड्यात वारलेला असतो. पीटर्सबर्गच्या बर्फात तो जो भेटेल त्या उतारूला सांगू पाहतो, पण कुणाला पोहोचायची घाई असते तर कुणी हसण्यावारी नेतो. अखेरीस तबेल्यात जाऊन तो आपल्या घोडीला सगळे सांगतो. या कथेतली एक बारीक गोष्ट मला तुमच्यासाठी महत्त्वाची वाटते. इओनाला सांत्वन नको असते. त्याला क्रमाने सांगायचे असते : मुलगा आजारी कसा पडला, त्याने काय काय सोसले, मरण्यापूर्वी तो काय बोलला, अंत्यविधी कसा झाला. शोकाला तपशील लागतो. तुमच्या पत्रात मात्र ‘आठ दिवसांच्या तापाने ती गेली’ एवढेच वाक्य आहे.

त्या आठ दिवसांचा अर्धा भाग तुमच्याकडे आहे आणि अर्धा त्यांच्याकडे. बिलाच्या खिडकीवर काय झाले, डॉक्टरांनी बाहेर बोलावून तुम्हाला एकट्याला काय सांगितले, कोणत्या सहीच्या वेळी तुमचा हात थांबला, हे त्यांना ठाऊक नाही. मुलगी रात्री काय बोलत होती, तिने पाणी मागितले का, वडिलांविषयी काही विचारले का, हे तुम्हाला ठाऊक नाही. सोळा महिने झाले, दोघांनी हे एकमेकांसमोर मांडलेले नाही. सगळे एका बैठकीत होणार नाही आणि तसा हट्टही नको. सुरुवात तुम्ही करा आणि स्वतःच्या अर्ध्यापासून करा. ‘तू बोलत का नाहीस’ असे विचारण्याऐवजी ‘त्या दिवशी खाली मेडिकलमध्ये उभा होतो तेव्हा’ असे म्हणून सुरू करा. त्या उठून गेल्या तर जाऊ द्या. दोन-चार दिवसांनी दुसरी एखादी गोष्ट सांगा.

फोनविषयी सांगताना रहमतचा क्रम ध्यानात ठेवा. त्याने आधी सांगितले की मलाही एक मुलगी आहे, आणि कागद त्यानंतर काढला. फोन एकदम त्यांच्या पुढ्यात ठेवू नका. त्यात मुलीचे फोटो असतील, आवाज असेल, आणि तयारी नसताना तो कानावर पडणे फार जड जाईल. फोन मी जपून ठेवला आहे आणि नंबर चालू ठेवला आहे, इतके आधी सांगा. बघायचा की नाही, कधी बघायचा, हे त्यांना ठरवू द्या. रिचार्ज बंद करावा का, असे तुम्ही विचारलेले नाही आणि मीही सुचवत नाही. गेलेल्या माणसाशी नाते तोडले म्हणजेच शोक संपतो, ही समजूत अभ्यासकांनी १९९०च्या दशकातच मागे टाकली; नाते वेगळ्या रूपात चालू राहते, ते कोणते रूप असावे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. फोटोंची आणि संदेशांची एक प्रत मात्र दुसरीकडे काढून ठेवा, कारण जुन्या फोनची बॅटरी न सांगता दगा देते.

आता त्या तिसरीतल्या मुलीकडे येते.

तुम्ही तिला आपल्या मुलीच्या जागी बसवता आहात का? रहमतचे शब्द पुन्हा वाचा. आपल्या मुलीचा चेहरा आठवून तो मिनीसाठी मेवा आणतो. म्हणजे मुलगी तिच्या जागीच आहे, तिथून कोणी तिला उठवलेले नाही, आणि तिच्यावरच्या मायेतला थोडा भाग मिनीच्या वाट्याला येतो. या मैत्रीत मिनी त्याचे सांत्वन करत नाही. तिला त्याचे दुःख ठाऊकच नसते. तीच तिची खुबी आहे. तुमच्या गल्लीत, दुकानात, वाचनालयाच्या पायऱ्यांवर तुम्ही आता ‘ज्यांची मुलगी गेली ते’ आहात. लोक आवाज खाली आणून बोलतात. ती पोर मात्र हातचा एक कुठे लिहायचा एवढेच विचारते. तिच्यासमोर तुम्ही गणित येणारे आजोबा असता, आणि त्या तासाभरात तुम्हाला मोकळे वाटते यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही.

पण ही कथा मवाळ नाही, आणि तुम्ही जी पाने वाचत नाही तिथेच तिचा कठोरपणा आहे. लग्नाचे कपडे घातलेली मिनी बाहेर येते तेव्हा रहमत तिला पाहून गडबडतो, जुनी गट्टी त्याला पुन्हा जमवता येत नाही, आणि त्यांची जुनी थट्टा मिनीला आता लाजवते. मिनी मोठी झाली आहे, तिला त्याची गरज उरलेली नाही, आणि यात तिचा काही अपराधही नाही. मिनीकडे पाहून रहमतला उमगते की आपली मुलगीही अशीच मोठी झाली असेल आणि तिच्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागेल. मिनीचे वडील त्याला घरी परतण्यासाठी पैसे देतात आणि त्यापायी लग्नातली दिव्यांची रोषणाई आणि बँड कमी करतात. रहमतला परतीची वाट होती, तुम्हाला तशी वाट नाही. म्हणून ती पाने तुम्हाला वाचवत नसतील तर आज वाचू नका. मात्र मिनीविषयीचा भाग लक्षात असू द्या. शेजारची मुलगी चौथीत जाईल, शिकवणी लावेल, एक दिवस यायची बंद होईल. तुमच्या दुःखाचा भार तिच्यावर नसेल तर त्या दिवशी तुम्हाला थोडे वाईट वाटेल इतकेच. भार असेल तर मात्र तो दुसरा मृत्यू वाटेल, आणि त्या पोरीलाही उगीच अपराधी वाटेल.

त्यासाठी काही साध्या गोष्टी पाळा. तिच्या आईवडिलांना स्वतः भेटून सांगा की ही येते, मला आवडते, तुमची हरकत नाही ना? सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या आईला पोरीचा अभ्यास होतो याचे समाधानच असेल, पण विचारणे हे तुमचे काम आहे. गणिते बाहेर ओसरीवर, सगळ्यांना दिसेल अशा जागी बसून करा. आजकाल हे पाळावेच लागते आणि त्यात राग मानण्यासारखे काही नाही. आपल्या मुलीची दप्तरे, कपडे, खेळणी तिला देऊ नका, निदान पत्नीला विचारल्याशिवाय नकोच. पुन्हा कधी चुकून लेकीचे नाव तोंडात आले तर गडबडून जाऊ नका. ‘माझ्या मुलीचे नाव होते ते, ती आता नाही’ असे एका वाक्यात सांगा आणि पुढचे गणित घ्या. आठ वर्षांच्या मुलांना एवढे सरळ सांगितलेले पेलते, आपण चाचपडू लागलो की मात्र ती घाबरतात. आणि तिच्याकडूनही काही शिका. दुकानातल्या माणसाला कामापुरते तेलुगू-कन्नड येतेच, शहराच्या पूर्व भागातले गिऱ्हाईक त्याशिवाय टिकत नाही. पण पाढे तेलुगूत म्हणून दाखव असे तिला सांगा आणि चुका तिला काढू द्या. देणारे एकटे तुम्हीच असलात तर ती मैत्री होत नाही.

जमले तर एखाद्या संध्याकाळी पत्नीला त्या मुलीसाठी काही खायला करायला सांगा. नाही म्हणाल्या तर आग्रह नको. आपल्या मुलीच्या नावाने दुसरीला हाक मारलेली त्यांनी ऐकली आहे, त्याविषयी आधी तुम्ही ‘माझ्या तोंडून निघून गेले, मलाही चटका बसला’ असे बोलायला हवे.

काही बाबतींत मात्र डॉक्टरांना भेटण्यात उशीर करू नका. झोप आणि भूक पार गेली असेल, रोजची साधी कामे होत नसतील, मुलगी गेली हे अजूनही खरे वाटत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे वारंवार मनात येत असेल, तर ते पुस्तकावर आणि शेजारच्या मुलीवर सोडण्यासारखे नाही. मोठ्या माणसांमध्ये वर्षाहून अधिक काळ शोकाची तीव्रता जराही न ओसरता रोजचे जगणे अडून राहिले, तर त्याला आता स्वतंत्र आजार मानतात आणि त्यावर उपचारही आहेत. आपले जीवन संपवावे असा विचार आला तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. तुमच्या पत्रात यातले काही दिसले नाही; पण पत्नीविषयीही हे सगळे तपासून पाहा, कारण त्या पत्र लिहिणाऱ्यांपैकी नाहीत.

शेवटी लग्न. गड्ड्याला गेला नाहीत, याचे तुम्ही कारण लिहिलेले नाही, पण सोलापूरच्या माणसाला ते सांगावे लागत नाही. संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या योगदंडाचा कुंभारकन्येशी विवाह लागतो, पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक अक्षता टाकतात. ज्याच्या घरात स्थळे पाहणे अर्ध्यावर थांबले त्याला त्या गर्दीत उभे राहणे सोपे नाही. या गावात लग्न टाळायचे म्हटले तर जानेवारीत गावच सोडावे लागेल. म्हणून पुतणीच्या लग्नाला अजिबात न जाण्यापेक्षा थोडे जा. हळद, मेहंदी, आदल्या दिवशीची गर्दी सगळी टाळली तरी चालेल. भावाला आधीच सांगा की आम्ही अक्षतांच्या वेळेपुरते येऊ, पहिल्या रांगेत बसवू नका आणि कन्यादानाच्या वेळी आम्ही बाहेर गेलो तर शोधायला कुणाला पाठवू नका. भाऊ समजून घेईल. न सांगता गैरहजर राहिलात तर मात्र त्याचे वेगळे अर्थ निघतील. पत्नीला जायचे असेल आणि तुम्हाला नसेल, किंवा उलटे, तर दोघांनी एकच केले पाहिजे असे नाही. पुतणीला आहेर काय द्यायचा हे मात्र दोघांनी मिळून ठरवा. चादरी तुम्हाला कळतात, रंग त्यांना निवडू द्या. आणि लग्नाच्या दिवशी गणिते होणार नाहीत हे शेजारच्या मुलीला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा, नाहीतर ती वही घेऊन कुलपाशी उभी राहील.